पावलांच्या सात प्रती

पैज लागली ती सलूनवाल्याच्या फोनमुळे. डोकं धुवायच्या बेसिनमध्ये फोन पडला, शांपूसकट न्हाऊन निघाला आणि चारशे गिऱ्हाइकांचे नंबर पोटात घेऊन वारला. सकाळचा साडेनऊचा चहा चालला होता. गल्लीच्या या अंगाला सलून, त्याला चिकटून औषधांचं दुकान, आणि समोर बूटवाल्याचं. चहा कायम सलूनच्या पायरीवर, कारण ऊन तिथं आधी येतं. सलूनवाला तोंड पाडून फोनला केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा देत बसलेला, आणि दुसऱ्याची अशी फजिती दिसली की बूटवाल्याला आतून गुदगुल्या सुटायच्या, वय पंचेचाळीस ओलांडलं तरी.

"अरे, त्याला भांग तरी नीट पाड," तो म्हणाला.

"हसून घे. तुझं कधी गेलं म्हणजे कळेल."

"माझं? माझं जाणारच नाही." बूटवाल्यानं मिशीवरून बोट फिरवलं. मिशी एकोणिसाव्या वर्षापासूनची, दोन्ही टोकांना वर वळवलेली, पोटच्या पोरासारखी वाढवलेली. "सहाशे माणसं, बाराशे पावलं, आणि सगळ्याच्या सात प्रती. सोमवारची वेगळी, मंगळवारची वेगळी, बुधवारची..."

"रविवारी तुझं दुकान बंद असतं," औषधवाली म्हणाली. तिच्या नजरेतून काही सुटत नाही. रोज डॉक्टरांचं अक्षर वाचायचं म्हणजे गंमत नाही.

"रविवारची जादा. आहेरात एक रुपया जास्तीचा असतो ना, तशी."

सलूनवाल्याला ते जादा प्रकरण झोंबलं. त्यानं यंत्र बंद केलं. "आण त्यातली एक. माझ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखव. उघडली तर महिनाभर दुकानावर पाटी लावीन, 'इथे केस बिघडवून मिळतील'. नाही उघडली, तर तुझी मिशी माझी. आणि आत नाही हं. खुर्ची बाहेर काढीन, रस्त्याच्या मधोमध."

"पाटी रंगवायला कोणाला देतोस? माझ्या ओळखीचा आहे एक, स्वस्तात करील."

"हा कसली मिशी देतोय," औषधवाली कपातला चहा संपवत म्हणाली. "आजवर किती पैजा हरला हा? एक तरी भरलीय का? मागच्या वेळी म्हणे कंबर धरली. त्याच्या आधी म्हणे, आज सोमवार आहे."

सगळे हसले, तोही हसला, आणि गल्ली ओलांडून प्रत आणायला गेला. चपळ चालला. पैज जिंकण्यापेक्षा जिंकायला जातानाची ही चाल त्याला जास्त आवडायची. पायाखाली जरा जास्त उसळी येते, टाचेला कुणी चांगला रबर लावून दिल्यासारखी. त्याचं कामच ते. साधे बूट तो करत नसे. ज्यांचे पाय दुकानातल्या बुटांना दाद देत नाहीत, त्यांचे बूट तो करायचा. एक पाय आखूड, एक टाच वळलेली, कुणाच्या बोटांवर बोटं चढलेली, कुणाला साखरेमुळे तळव्यात काही जाणवतच नाही आणि खडा टोचून रक्त निघालं तरी पत्ता नाही. अशा पायाचं नुसतं माप घेऊन भागत नाही. आधी बूट करायचा, घालून बघायचा, कुठं दुखतंय ते विचारायचं, दोन मिलिमीटर इथं काढायचे, तीन तिथं भरायचे, पुन्हा विचारायचं. ते दुखणं लिहून ठेवलं नाही, तर पुढच्या वेळी तेच दुखणं त्या माणसाला पहिल्यापासून द्यावं लागतं. वडिलांच्या वेळी हे सगळं लाकडी साच्यांवर असायचं. प्रत्येक पायाचा साचा, त्यावर कातड्याचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले, पेन्सिलीनं तारखा. भिंतभर साचे टांगलेले, जणू साडेचारशे माणसं पाय भिंतीत सोडून कुठंतरी निघून गेलीत. मग धाकट्या भावानं चार महिने खपून सगळं कॉम्प्युटरमध्ये भरलं, आणि जागा मोकळी करायची म्हणून यानं साचे बेकरीवाल्याला देऊन टाकले, भट्टीसाठी, हातगाडीच्या तीन फेऱ्या. बेकरीवाला पुढं आठवडाभर सांगत होता, पावाला पॉलिशचा वास येतोय म्हणून. यानं त्यावर वर्षभर विनोद केले. आता त्याच भिंतीवर एक फळी होती, फळीला सात खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एक पेन ड्राइव्ह, रंगीत दोऱ्यानं बांधलेला. रोज दुकान बंद करताना त्या दिवसाच्या पेन ड्राइव्हवर फाईल उतरवायची, लगेच तिथल्या तिथं उघडून बघायची, दोन-चार पाय चाळायचे, सगळं ठीक, खिळ्याला टांगायचं, कुलूप. सात वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. एकशे चार ताप असताना बायकोला रिक्षानं पाठवलं होतं. ती घरी येऊन म्हणाली होती, "तुमच्या पावलांना पांघरूण घालून आले."

कालचा, गुरुवारचा, हिरव्या दोऱ्याचा पेन ड्राइव्ह त्यानं काढला. सलूनच्या कॉम्प्युटरवर तोच प्रोग्रॅम होता. धाकट्यानंच बसवून दिलेला, गिऱ्हाइकांच्या वेळा लिहायला. फाईल उघडली. धाकट्याची निळी चौकट आली, कोपऱ्यात त्यानं काढलेली दोन पावलं, डावं नि उजवं, वर दुकानाचं नाव. "बोल," बूटवाला म्हणाला, "पाटीवर अक्षर केवढं पाहिजे?" आणि तेवढ्यात निळ्यावर एक पांढरा चौकोन उगवला: 'नोंदी सापडल्या नाहीत. धाकट्याला विचारा.' खालचे रकाने रिकामे. नाव, पाऊल, लांबी, रुंदी, उंची, कुठं दुखलं. त्यानं पुढच्या पावलावर नेणारं बटण दाबलं. पुढं काही नाही. मागं काही नाही. "कनेक्शन सैल असेल," तो म्हणाला, आणि पळत जाऊन बुधवार आणला, मंगळवार आणला, मग फेऱ्या मारायला धीर उरेना म्हणून फळीच उपटून आणली. सातही दिवस एकामागून एक तेच बोलले. धाकट्याला विचारा. धाकट्याला विचारा. रविवारच्या जादा प्रतीनंही तेच सांगितलं. औषधवालीच्या दुकानातली दोन गिऱ्हाइकं बघायला येऊन उभी राहिली. सलूनवाला वस्तऱ्याला पट्ट्यावर धार लावायला लागला, मुद्दाम हळू, सर्रक, सर्रक. बूटवाला हसला. त्याच्या चेहऱ्याला एवढी सवय झाली होती, की आत काय चाललंय याची वाट न बघता तो आपला आपण हसायचा. आत मात्र जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं झालं होतं.

"संध्याकाळपर्यंत वेळ दे," तो म्हणाला.

"कंबर धरली का?" औषधवालीनं विचारलं.

दुकानात येऊन त्यानं तोच हिरवा गुरुवार स्वतःच्या मशीनला लावला. उघडला. सगळं होतं. सहाशे माणसं, बाराशे पावलं, दुखणी, तारखा, सगळं जागच्या जागी. त्याला रागच आला. चोरी पकडायला पोलिसाला घेऊन यावं आणि चोरानं चहा करून ठेवलेला असावा, तसा राग. पुन्हा काढला, पुन्हा लावला. इथं आहे, तिथं नाही. मग त्याच्या लक्षात एक गोष्ट आली आणि कानामागं गरम झालं. फाईलचा आकार. सात वर्षांत दीडशे माणसं नवी आली, आणि फाईल तेवढीच्या तेवढी. एका कणानंही फुगली नव्हती. त्याला ते दिसलं नव्हतं असं नाही. दिसलं होतं, आणि त्यानं कौतुक केलं होतं, की धाकट्यानं काय घट्ट घडी घातलीय बघा. आणि हे सगळं चालू असताना टेबलाखालून तो आवाज येत होता. कट. कट-कट. दोन महिन्यांपासून येत होता. त्याला वाटायचं, पंख्यात कातड्याचे कपटे गेले असतील. त्यानं बोलावलेला कॉम्प्युटर दुरुस्तीवाला आला, टेबलाखाली डोकं घातलं, आणि बाहेर काढलं तेव्हा त्याचा चेहरा आजारी माणसाच्या नातेवाइकांशी बोलताना डॉक्टरांचा होतो तसा झालेला होता.

"डिस्क चाललीय. बंद करू नका, पुन्हा सुरू होईलच असं नाही. आत्ता जे हवंय ते काढून घ्या."

"काढलंय की. सात वेळा."

दुरुस्तीवाल्यानं फाईल बघितली, इकडं-तिकडं टिचक्या मारल्या, आणि गालातल्या गालात हसला. "काका, ही नुसती खिडकी आहे. नोंदी दुसऱ्या फाईलमध्ये आहेत, आतमध्ये कुठंतरी. खिडकी इथं लावली की इथलं घर दिसणार. दुसरीकडं नेली की भिंत. तुम्ही सात वर्षं खिडकीच्या प्रती काढताय."

"पण मी रोज उघडून बघत होतो."

"याच घरात उभं राहून ना?"

"मग ती दुसरी शोध."

"कुणीतरी हुशारीनं लपवलीय. नाव बदललंय, रस्ता कुलूपबंद केलाय. एकेक कोपरा हुडकायला गेलो तर डिस्क दम टाकील, तेवढा जीव तिच्यात नाही. कुठं आहे ते नेमकं माहीत असेल, तर पाच मिनिटांचं काम. कुणी केलंय हे?"

"भावानं."

"मग सोपं आहे. विचारा त्याला."

सोपं आहे म्हणे. दुरुस्तीवाला गेला आणि बूटवाला स्टुलावर बसून राहिला, समोर उलटा बूट, गुडघ्यावर हातोडी, दुकानभर सरसाचा तो गोडसर वास. कट. कट-कट. आवाज आला की त्याच्या दाढा आवळायच्या. कुणी लपवलीय हे कळलंच होतं. का लपवली, तेही पोटातून हळूहळू वर येत होतं, आणि तो ते पुन्हा पुन्हा खाली दाबत होता. तो दिवस. धाकटा चार महिने याच टेबलाशी बसला होता, वडिलांच्या पेन्सिलीतल्या तारखा भिंग धरून वाचत. त्याचे डोळे लाल, बोटांना शाई, जेवताना ताटात बघत नसे. शेवटचं पाऊल भरलं तेव्हा उठून त्यानं आळस दिला, बोटं मोडली, आणि तोंड धुवायला मागं गेला. तेवढ्यात यानं गंमत केली. पडद्याचा फोटो आधीच काढून ठेवला होता, रिकाम्या रकान्यांचा. तो पडदाभर पसरवला आणि माऊसची वायर काढून टाकली. सलूनवाला, बेकरीवाला, वरच्या मजल्यावरचे दोघं, सगळ्यांना दाराशी बोलावून ठेवलं. धाकटा टॉवेलनं तोंड पुसत आला, बसला, बघितलं. एकदा बटण दाबलं. दुसऱ्यांदा दाबलं. मग तो खुर्चीवरून खाली आला. पडला नाही, उतरला. जमिनीवर कातड्याच्या कपट्यांत मांडी घालून बसला आणि टॉवेल तोंडाशी धरला. खांदे हलत होते. दारातले सगळे पोट धरून हसत होते, आणि सगळ्यांत मोठा आवाज याचा. "अरे येड्या, गंमत! गंमत केली!" यानं वायर जोडली, सगळं परत दाखवलं, पाठीवर थापा मारल्या. धाकटा म्हणाला, "हो, कळलं." एवढंच. त्या दिवशी तो उशिरापर्यंत मशीनशी बसला होता आणि याला वाटलं होतं, राग गिळतोय. आठवड्यानं दुसऱ्या शहरात नोकरी धरून गेला. जाताना दारात म्हणाला, "दादा, मी जरा नीट ठेवलंय सगळं. तुझा हात लागणार नाही असं." याला ते कौतुक वाटलं होतं. आज सात वर्षांनी, स्टुलावर बसून, बूटवाल्याला पहिल्यांदाच त्या चेहऱ्याचा टॉवेलमागचा भाग दिसला, कारण त्याचा स्वतःचा चेहरा नेमका तसाच झाला होता. आणि लगेच चीडही आली. एवढ्याशा गमतीसाठी? सात वर्षं? सख्ख्या भावापासून लपवतं का कुणी?

अकरा वाजता शाळेतल्या बाई आल्या. काठी दाराला टेकवून खुर्चीत बसल्या. अपघातानंतर डावा पाय सव्वातीन सेंटिमीटर आखूड झालेला, त्यात घोटा आत वळलेला. त्यांचे बूट करायला याला अकरा वेळा हात घालावा लागला होता. अकराव्या वेळी त्या दुकानाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत काठीशिवाय चालल्या आणि भिंतीकडं तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. तो जोड आता झिजून संपला होता.

"दहा दिवसांनी, सोमवारी, शाळा उघडते," बाई म्हणाल्या. "आधीच्या शनिवारी न्यायला येऊ ना?"

"या की."

"नाही, म्हटलं पुन्हा ते अकरा वेळा नको. मागच्या खेपेस मी मुलांसमोर हसत उभी राहायचे, आणि घरी जाऊन पाय पाण्यात घालून रडायचे. तुम्हाला म्हणून सांगते. आहे ना सगळं लिहिलेलं?"

आत्ता पडद्यावर तेवढं एक पान बघून उतरवून घेता येईल, त्याच्या मनात आलं. उठून बसला टेबलाशी, बाईंचं नाव टाकलं. कट-कट-कट. निळी चौकट आली. रकान्यांच्या जागी एक छोटं घड्याळ फिरायला लागलं, फिरत राहिलं, फिरत राहिलं. बाई त्याच्या पाठीकडं बघत होत्या, ते त्याला मानेवर जाणवत होतं. आठवायचा प्रयत्न केला. पहिल्या वेळी टाच उंच केली होती. दुसऱ्या वेळी बाहेरून... की आतून? सातव्या वेळी फोड आले होते, पण करंगळीला की चवड्याला? शेकडो पायांची दुखणी डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेली, भांड्यात उरलेल्या रंगांसारखी मातकट. आठवायची गरजच पडली नव्हती, लिहिलेलं होतं ना. आणि साचा? साचा पावात गेला होता. घड्याळ फिरायचं थांबलं. 'नोंदी सापडल्या नाहीत. धाकट्याला विचारा.' पहिल्यांदाच, त्याच्या स्वतःच्या मशीनवर.

"आहे लिहिलेलं," तो बाईंना म्हणाला. यापूर्वी त्यानं शेकडो थापा मारल्या होत्या आणि प्रत्येकीत मजा आली होती. ही तोंडातून बाहेर पडताना जिभेला चामड्यासारखी लागली.

बाई गेल्यावर त्यानं फोन लावला. धाकट्यानं कापला. पुन्हा लावला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा उचलला.

"दादा, मी कामात आहे."

"ऐक, डिस्क चाललीय. मशीन मरतंय."

"बरं."

"बरं काय? खरंच सांगतोय."

"दोन वर्षांपूर्वी दुकान जळालं होतं तेव्हाही खरंच सांगत होतास. मी अर्ध्या रस्त्यात होतो, गाडीत. मग तू फोन करून हसलास. गेल्या वर्षी तू कोर्टातला बेलिफ झाला होतास. माझ्या साहेबाशी बोललास. आज काय आहे?"

"आज काही नाही रे. आज खरं आहे." आपलाच आवाज आपल्याला खोटा ऐकू येतोय, हे बूटवाल्याच्या लक्षात आलं. खऱ्यासाठी वेगळा आवाजच नव्हता त्याच्याकडं. सगळे चांगले आवाज गमतींत वापरून झालेले. "हा आवाज ऐक," म्हणून त्यानं फोन टेबलाखाली धरला. कट. कट-कट.

"हातोडीनं करतोयस."

"अरे, तुझ्या गळ्याची... ऐक. सलूनवाल्याशी पैज लागली." आणि मग त्यानं सगळं सांगितलं, पहिल्यापासून. फोन न्हाला ते, पाटी, मिशी, सात खिळे, फळी उपटून नेली ते, खिडकी, बाई, भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या ते. सांगताना एकही विनोद सुचला नाही.

"म्हणजे हरलास."

"हरलो."

"मग मिशी?"

"ती काय, देऊ संध्याकाळी. तू आधी सांग कुठं आहे ते."

"नाही. आधी मिशी. रस्त्यात, खुर्चीवर, जसं ठरलंय तसं. मला फोनवर दाखव. दादा, तू जन्मात एकही पैज भरलेली नाहीस. ही भरताना दिसलास, तर मी समजेन खरं आहे."

"अरे, मशीन तोवर राहील की नाही..."

"मग घाई कर."

फोन हातात घेऊन तो गल्लीत आला. डोक्यावर टळटळीत ऊन. तो एवढंच म्हणाला, "खुर्ची काढ," आणि सलूनवाल्याला आधी ते कळेचना. वस्तऱ्याला धार लावणं वेगळं आणि खुर्ची काढणं वेगळं. ती लोखंडी खुर्ची दोघांनी उचलून रस्त्याच्या मधोमध ठेवली. सायकलवाला थांबला. वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. औषधवाली काउंटर सोडून आली आणि तिनं फोन हातात घेतला. "मी धरते. भावजी, दिसतंय का? हं, हा बघा तुमचा दादा." लहानशा चौकोनात धाकट्याचा चेहरा, ऑफिसच्या पांढऱ्या उजेडातला, केस थोडे विरळ झालेले. बूटवाल्यानं त्याला दोन वर्षांत बघितलं नव्हतं. मानेभोवती कापड आलं. फेस गार लागला. "कुठल्या बाजूनं?" सलूनवाल्यानं विचारलं, आणि आवाजात आता खोडी उरली नव्हती. "कुठल्याही." वस्तरा उजव्या बाजूनं फिरला, कागद फाडल्यासारखा आवाज आला, आणि पंचवीस-सव्वीस वर्षांत उघडी न पडलेली ती कातडी उघडी पडली. तिच्यावरून वारा गेला. एवढा गार, एवढा स्पष्ट, की बूटवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी शिट्टी मारली. कुणीतरी म्हणालं, "अरे, हा तर माणूस निघाला!"

"थांबा," फोनमधून धाकटा म्हणाला. "थांबा, खरं आहे. दादा, ऊठ. पळ. प्रिंटरची माहितीपुस्तिका."

"काय?"

"त्या नावाचा फोल्डर आहे. त्यात आहे. तू जन्मात माहितीपुस्तिका उघडणार नाहीस, हे मला माहीत होतं म्हणून. कुलूप म्हणजे वडिलांची जन्मतारीख. आधी प्रोग्रॅम बंद कर, मग प्रत घे. उघडा असताना घेतलीस तर अर्धवट निघेल. आणि कॉपी कर, कट नको करूस. दादा, हात लावशील तर नीट लाव."

तो उठला, गळ्यात कापड, अर्ध्या तोंडावर फेस, अर्धी मिशी, आणि गल्ली ओलांडून पळाला. औषधवाली फोन घेऊन मागं. प्रोग्रॅम बंद केला. माहितीपुस्तिका. कुलूप. फाईल होती, पुष्ट, वजनदार, सात वर्षं गुपचूप वाढत राहिलेली. हिरव्या दोऱ्याचा पेन ड्राइव्ह लावला. पट्टी सरकायला लागली. दहा टक्के, तीस. चाळीसला अडली. कट-कट-कट-कट. दारात सात-आठ जण उभे होते. फेस वाळून कातडी ओढली जात होती. तो मशीनच्या डब्यावर तळवा ठेवून बसला होता, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा, आणि मनात त्याला अशा शिव्या देत होता की त्या छापता येणार नाहीत. एकेचाळीस. पट्टी सुटली. सत्तर, नव्वद, शंभर. काढला. लगेच टेबलाखालून एक लांब आवाज आला, शेवटची कुरकुर केल्यासारखा, आणि पडदा काळा झाला.

सलूनच्या कॉम्प्युटरवर, धाकट्यानं सांगितलं तसं, दोन्ही फायली एका जागी ठेवल्या. निळी चौकट. दोन पावलं. त्यानं बाईंचं नाव टाकलं. डावं पाऊल, अकरा ओळी. सातवी: करंगळीच्या मुळाशी फोड, बाहेरून दोन मि.मी. काढले. अकरावी: काठीशिवाय चालल्या. त्यानं ती ओळ दोनदा वाचली. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"एक मिनिट," सायकलवाला म्हणाला. त्याचा संबंध काय होता कुणास ठाऊक. "पैज काय होती? प्रत याच्या मशीनवर उघडायची. मग उघडली की! पाटी लागली पाहिजे."

"आजच उघडली, दिवस मावळायच्या आत," वरच्या खिडकीतून कुणीतरी म्हणालं.

सलूनवाला गोंधळला. वस्तरा हातातच. त्यानं बूटवाल्याकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. आता तो काय बोलणार ते सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याच्या जिभेवर ते आलंही होतं, तयार, चमचमीत. पाटीचा रंगही ठरला होता. औषधवालीनं फोन अजून तसाच धरला होता, आणि त्या चौकोनातून धाकटा बघत होता.

बूटवाला बाहेर गेला. ऊन खुर्चीवर आलं होतं, लोखंडी हात तापले होते. तो बसला आणि त्यानं डावा गाल वर केला.

"सकाळची प्रत हरली," तो म्हणाला. "ही आत्ताची. राहिलेली काढ."

"नक्की?"

"काढ रे. अर्ध्या मिशीनं घरी गेलो तर बायको दारात घेणार नाही."

लोक हसले, पण सलूनवाला हसला नाही. त्यानं नवा फेस केला, ब्रशनं अगदी हळू लावला. फोनमधून धाकटा म्हणाला, "दादा, आता हलू नकोस." आणि बूटवाला, ज्याला आयुष्यात एक मिनिट शांत बसता आलं नव्हतं, भर रस्त्यात, भर दुपारी, बिलकुल हलला नाही.